मोशीतील सात आठवडे

दरवर्षी मे महिना उजाडला की ओळखीतल्या कोणाच्या तरी मुलीचा किंवा मुलाचा फोन येतो. 'ताई, तुम्ही आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून काम केले आहे ना? मलाही जायचे आहे.' पुढचा तपशील बहुतेक वेळा सारखाच असतो. एखाद्या एजन्सीमार्फत टांझानिया, केनिया किंवा घाना येथे चार ते सहा आठवडे राहायचे, अनाथालयातील मुलांना इंग्रजी शिकवायचे, शेवटच्या आठवड्यात सफारी करायची आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचे. त्यासाठी लाख-दीड लाख रुपये भरायची आईवडिलांची तयारी असते, कारण पुढे परदेशी विद्यापीठात अर्ज करताना हा अनुभव उपयोगी पडेल असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. फोन करणाऱ्या मुलामुलींच्या मनात मात्र खरी कळकळ असते आणि म्हणूनच त्यांना उत्तर देताना मला जड जाते. माझे उत्तर असते की आफ्रिकेत जरूर जा, पण अनाथालयात जाऊ नकोस.

एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही. जे मी स्वतः केले ते इतरांनी करू नये असे सांगण्याचा मला काय अधिकार, असाही प्रश्न एकदा एका वडिलांनी मला विचारला आणि तो रास्त होता. म्हणून मी काय केले आणि त्यातून हे मत कसे बनले, ते येथे सविस्तर मांडते.

२०१३ च्या जूनमध्ये, पुण्यातील नोकरी सोडून, मी टांझानियाच्या उत्तरेकडील मोशी या शहरात पोहोचले. किलिमांजारोच्या पायथ्याचे हे गाव. ५,८९५ मीटर उंचीचा तो पर्वत त्या दिवसांत बहुतेक वेळ ढगांतच असतो आणि एखाद्या संध्याकाळी अचानक मोकळा होतो, तेव्हा बाजारातली माणसेही क्षणभर मान वर करून पाहतात. पर्वत चढायला येणारे आणि सेवा करायला येणारे, असे दोन प्रकारचे परदेशी लोक या गावात सतत असतात. माझ्या वाट्याला आलेल्या संस्थेत ३१ मुले होती, वय वर्षे तीन ते अकरा. मी तेथे होते त्या सात आठवड्यांत माझ्यासह चौदा स्वयंसेवक येऊन गेले. कोणी दहा दिवस राहिले, कोणी महिनाभर.

जेवणाच्या खोलीत एका भिंतीवर रंगात बुडवलेल्या हातांचे ठसे होते. प्रत्येक स्वयंसेवकाने निघताना आपला ठसा उमटवायचा आणि खाली नाव लिहायचे, अशी तेथली पद्धत. जागा संपल्यावर जुन्या ठशांवर नवे ठसे आले होते. त्या भिंतीवर मुलांचा एकही ठसा नव्हता, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

पहिल्या दिवशी मी मुलांना शरीराच्या अवयवांची इंग्रजी नावे शिकवायला घेतली. मुलांनी ती एका दमात म्हणून दाखवली आणि मला हुरूप आला. दुसऱ्या दिवशी रंग झाले, तिसऱ्या दिवशी एक ते वीस आकडे. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या बाईंकडून कळले की प्रत्येक नवा स्वयंसेवक अवयव, रंग आणि आकडे यांपासूनच सुरुवात करतो आणि पुढच्या धड्याला पोहोचण्याच्या आत निघून जातो. नऊ वर्षांची एक मुलगी हेच तिसऱ्या वर्षी शिकत होती. तिला स्वाहिलीतले साधे वाक्य वाचता येत नव्हते, कारण स्वाहिली शिकवणारा स्वयंसेवक कोठून येणार? मला तर ती भाषा बोलताही येत नव्हती. ज्या मुलांची भाषा मला कळत नाही त्यांना शिकवायला मी आले होते आणि या गोष्टीचा निघण्यापूर्वी मला एकदाही विचार करावासा वाटला नव्हता.

सहा वर्षांचा एक मुलगा पहिल्याच सकाळी धावत येऊन माझा हात धरून बसला. संध्याकाळी मी निघाले तेव्हा त्याची बोटे एक-एक करून सोडवावी लागली. किती लवकर लळा लागला, असे मला वाटले आणि त्या रात्री घरी लिहिलेल्या पत्रात मी तसे कळवलेही. पंधरा दिवसांनी नवी तुकडी आली, तेव्हा त्याने त्यांतल्या एकीचा हात तसाच धरला. अनोळखी माणसाला पाहताक्षणी बिलगणे हे लळा वारंवार तुटल्याचे लक्षण असते, हे संस्थांत वाढलेल्या मुलांवर काम करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जे मूल आपल्या माणसांत वाढते ते परक्यासमोर आधी आईच्या पदराआड लपते. येथे लपायला पदरच नव्हता, आणि दर दोन आठवड्यांनी एक नवे माणूस येऊन, जीव लावून, रडून निघून जात होते. त्या माणसांतली एक मी होते.

दर रविवारी केळ्यांचा घड डोक्यावर घेऊन एक म्हातारी फाटकाशी येत असे. मुले तिला 'बीबी' म्हणत. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ वेगळा असला तरी स्वाहिलीत बीबी म्हणजे आजी. ती त्या सहा वर्षांच्या मुलाची सख्खी आजी, आईची आई होती. त्याची आई दार-ए-सलामला एका घरी कामाला होती आणि जमेल तेव्हा पैसे पाठवत असे. म्हणजे ज्याला मी अनाथ समजत होते त्याला आई होती, आजी होती, डोंगरउतारावर केळी आणि कॉफीची थोडी झाडे असलेले घर होते. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळांची फी २००१ मध्येच रद्द झाली होती, पण गणवेश, वह्या आणि शाळेकडून मागितली जाणारी निरनिराळी वर्गणी, ज्याला तिकडे 'मिचांगो' म्हणतात, ती उरलीच होती. संस्थेने सांगितले की मुलगा आमच्याकडे ठेवा, आम्ही त्याला इंग्रजी शाळेत घालू, दोन वेळचे जेवण देऊ. आजीने ठेवला. तिने चूक केली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडची एखादी आजीही हेच करील. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की त्या ३१ मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील किंवा जवळचे नातलग हयात होते.

हे एका संस्थेपुरते असते तर मी लेख लिहिला नसता. संस्थांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील यांपैकी निदान एक जण जिवंत असतो, हे जगात अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. मुले तेथे पोहोचतात ती प्रामुख्याने गरिबीमुळे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांत केवळ गरिबीच्या कारणावरून मुलाला घरापासून दूर करू नये, ती गरिबी म्हणजे त्या कुटुंबाला आधाराची गरज असल्याची खूण समजावी, असे स्पष्ट म्हटले आहे. आधार मात्र उलट्या दिशेने वाहतो. आजीला गणवेशासाठी पैसे देणारे कोणी नसते. तोच नातू संस्थेत गेला की त्याच्यासाठी परदेशातून देणग्या येतात, स्वयंसेवक येतात आणि त्या स्वयंसेवकांनी भरलेली रक्कमही येते. मुलांची संख्या जेवढी जास्त, तेवढी आवक जास्त. अशा व्यवस्थेत मुलाला घरी परत पाठवणे संस्थेला तोट्याचे ठरते. येथे कोणी दुष्ट असण्याचीही गरज नाही. आमच्या संस्थेचे चालक वृत्तीने दयाळू होते, मुलांना कधी मारत नसत. तरीही जे चालले होते ते माझ्यासारख्यांच्या पैशावर आणि माझ्यासारख्यांसाठीच चालले होते.

आफ्रिकेतील सरकारांना हे कळले नाही असे समजू नये. रवांडात २०१२ मध्ये मोजणी झाली तेव्हा ३३ संस्थांत तीन हजारांहून अधिक मुले होती. सरकारने त्या संस्था टप्प्याटप्प्याने बंद करून मुलांना स्वतःच्या किंवा पालक-कुटुंबात पाठवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरावाद्वारे अनाथालयांतील पर्यटन व स्वयंसेवा यांतून मुलांना होणाऱ्या अपायाकडे सदस्य देशांचे लक्ष वेधले. आपल्याकडेही २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानलेला आहे. जो विचार आपल्या कायद्यात आहे, त्याच्या विरुद्ध वागण्यासाठी आपली मुले पैसे भरून समुद्रापलीकडे जातात, हे मला खटकते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मनापासून घेतलेला असतो. काहीच न मिळण्यापेक्षा महिनाभराची माया काय वाईट? ज्या मुलांना खरोखरच कोणी नाही त्यांनी कोणाकडे पाहावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी त्या मुलाच्या बोटांच्या रूपाने पाहिले आहे. महिनाभराची माया ही महिन्याच्या शेवटी तुटणारी माया असते आणि वर्षातून दहा-बारा वेळा ती तुटली की मूल माणसांवर विसंबणे सोडून देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्व आफ्रिकेने स्वतःच दिले आहे. एड्सच्या साथीने त्या देशांतील तरुण आईवडिलांची एक पिढीच कापून नेली, तेव्हा मागे उरलेल्या लक्षावधी मुलांना बहुतांशी आज्यांनी, मावश्यांनी, काका-मामांनी वाढवले. संस्थांनी वाढवलेली मुले त्या मानाने थोडीच. मदत करायची तर त्या आज्यांच्या हातापर्यंत ती कशी पोहोचेल, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

मुलांचा विषय बाजूला ठेवला तरी अल्पमुदतीच्या कामाचा प्रश्न उरतोच. तिसऱ्या आठवड्यात आम्हा सहा जणांना जवळच्या एका शाळेचा वर्ग रंगवायला नेले. आमच्यापैकी कोणीही आयुष्यात भिंत रंगवलेली नव्हती. शाळेकडे जाताना चौकात हातोड्या, थाप्या, ब्रश समोर मांडून बसलेले दहा-पंधरा कारागीर दिसायचे. कारागिराला स्वाहिलीत 'फुंदी' म्हणतात. पुण्यातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी जसे लोक कामाची वाट पाहत उभे असतात तसेच ते बसलेले असत. आम्ही रंगाचे डबे घेऊन रोज त्यांच्यासमोरून जात होतो. चौथ्या दिवशी त्यांतला एक जण कुतूहलाने वर्गात आला, भिंतीजवळ गेला आणि त्याने नखाने रंग खरवडला. पापुद्रा अलगद सुटून आला. 'अस्तर मारलेच नाही,' अशा अर्थाचे काहीतरी तो मामाला म्हणाला. आमच्या स्वयंपाकाच्या बाईंना सगळे मामा म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. मामा त्या दिवशी आमचे जेवण घेऊन आली होती आणि तिने आम्हाला ते संकोचत भाषांतर करून सांगितले. तो वर्ग रंगवायला त्या फुंदीला दोन दिवस लागले असते आणि त्या मजुरीत त्याच्या घरचा आठवडा निघाला असता. माझ्या सात आठवड्यांसाठी मी एजन्सीला भरलेली रक्कम नंतर हिशोब करून पाहिली, तर त्यात मामाचा अडीच वर्षांचा पगार निघाला असता.

तेव्हापासून मी फोन करणाऱ्यांना एक साधी कसोटी सांगते. जे काम तुम्ही तेथे करणार आहात, ते पुण्यात, नाशकात किंवा लातुरात तुम्हाला कोणी करू देईल का? पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला ससूनमध्ये टाके घालू देतील का? पोलीस पडताळणी न झालेल्या, भाषा न येणाऱ्या परक्या माणसाला आपल्या बालवाडीत महिनाभर मुलांसोबत एकटे सोडतील का? उत्तर नाही असेल, तर ते काम मोशीतही करू नये, कारण तेथील मुलाचा जीव आणि आपल्या मुलाचा जीव यांची किंमत एकच आहे. ही कसोटी विसरल्याचा परिणाम किती भयंकर होतो, याचे उदाहरण युगांडातील जिंजा येथे घडले. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकी तरुणीने चालवलेल्या कुपोषित बालकांच्या केंद्रात २०१० ते २०१५ या काळात शंभराहून अधिक मुले दगावली. आणली जाणारी मुले आधीच अत्यवस्थ असत, हे तिचे म्हणणे होते. दोन मातांनी २०१९ मध्ये न्यायालयात दाद मागितली आणि २०२० मध्ये, दोष मान्य न करता, तडजोड झाली. ती तरुणी वयाच्या विशीत, सेवाभावाने तेथे गेली होती, यात मला शंका वाटत नाही. सेवाभाव होता, पण तिला थांबवणारे, तिच्या वरचे, तेथलेच कोणी नव्हते.

मग बाहेरच्या माणसाचा उपयोग कधीच होत नाही का? होतो, आणि तो कसा होतो हे पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांनी गावातल्याच, कित्येकदा अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गावाने त्यांना स्वीकारले, कारण त्या गावच्याच होत्या आणि कोठे निघून जाणार नव्हत्या. इथिओपियाने २००३ पासून हजारो तरुण स्त्रियांना वर्षभराचे प्रशिक्षण देऊन पगारी आरोग्यसेविका म्हणून त्यांच्याच भागात नेमले. रवांडात प्रत्येक गाव आपले आरोग्यसेवक स्वतः निवडते. या सगळ्या कामांत बाहेरच्या तज्ज्ञांचाही हात आहे, पण तो शिकवून बाजूला होण्यापुरता. जो बाहेरून येतो त्याने भाषा शिकावी, वर्षे द्यावीत, तेथल्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करावे आणि आपल्यामागे ते काम करणारा माणूस तेथलाच असेल याची तजवीज आधी करावी. १९६१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी पीस कोअरवर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे, पण तीही आपल्या स्वयंसेवकांना आधी काही महिने भाषा शिकवते आणि मग दोन वर्षांसाठी पाठवते. सहा आठवड्यांत काय होते? सहा आठवड्यांत मला स्वाहिलीत नीट नमस्कार करता येऊ लागला. लहानाने मोठ्याला 'शिकामो' म्हणायचे आणि मोठ्याने 'माराहाबा' म्हणून तो स्वीकारायचा.

याउलट दिशेचा प्रवास मला अधिक मोलाचा वाटतो. राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेच्या अनेक देशांतील खेड्यांतल्या मध्यमवयीन स्त्रिया, त्यांत कित्येक आज्या, सहा महिने राहून सौर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकल्या. एकमेकींची भाषा येत नव्हती म्हणून खुणांनी आणि रंगांच्या संकेतांनी शिकल्या आणि आपापल्या गावी जाऊन त्यांनी घरे उजळली. त्यांचा खर्च भारत सरकारच्या १९६४ पासून चालू असलेल्या तांत्रिक सहकार्य कार्यक्रमातून झाला. एक विद्यार्थी सहा आठवड्यांसाठी मोशीला पाठवण्याचा खर्च आणि एका आजीला तिलोनियाला आणण्याचा खर्च शेजारी मांडून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

सातव्या आठवड्यानंतर मी परतले नाही. मामाच्या ओळखीने डोंगरउतारावरच्या एका गावात, निवृत्त शिक्षकाच्या घरी, खोलीचे आणि जेवणाचे पैसे देऊन तीन आठवडे राहिले. काही द्यायचे नाही, शिकवायचे नाही, एवढेच ठरवले होते. आफ्रिकेने मला जे दिले ते या तीन आठवड्यांत दिले. तेथले चागा जमातीचे शेतकरी केळी, कॉफी, सुरण आणि चारा एकाच तुकड्यात एकमेकांच्या सावलीत वाढवतात. वरच्या ओढ्यांचे पाणी डोंगराच्या कडेने खोदलेल्या लांबलचक पाटांनी त्या शेतांपर्यंत येते. पाटाला ते 'म्फोंगो' म्हणतात. एके सकाळी घरमालक मला पाटाच्या सफाईला घेऊन गेले. प्रत्येक घरातून एक माणूस फावडे घेऊन आला होता, न आलेल्यांची नावे एक जण वहीत टिपत होता आणि पाणी कोणाला कोणत्या दिवशी यावरून दोघांत जोरदार वाद चालला होता. माझे आजोळ धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात. पांझरेच्या बंधाऱ्यावरची पाणीवाटपाची फड पद्धत, पाळीवरून होणारी भांडणे आणि ती मिटवणारा पाटकरी मी लहानपणी पाहिलेला. तो वाद मला शब्द न कळताही कळला. दुपारी मी घरमालकांना फडाविषयी सांगितले. त्यांनी मला तासभर प्रश्न विचारले: पाटकऱ्याला पगार कोण देतो, दुष्काळात पाळी कशी बदलते, वरच्या गावाने पाणी अडवले तर काय करता? सात आठवड्यांत मला असे प्रश्न कोणी विचारले नव्हते, कारण सात आठवडे मी देणारी होते आणि देणाऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही. त्याच चागा शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये आपल्या कॉफीसाठी सहकारी संघ स्थापन केला होता, आपल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या दीड दशक आधी. ज्या लोकांकडे शिकायला जावे, त्यांना अवयवांची नावे शिकवायला मी गेले होते.

आपण भारतीय म्हणून तेथे जातो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गोऱ्या स्वयंसेवकांना मुले 'म्झुंगू' म्हणत, मला 'म्हिंदी', म्हणजे भारतीय. या शब्दामागे शंभरांहून अधिक वर्षांचा व्यवहार आहे. केनियातील मोंबासाहून निघालेल्या रेल्वेसाठी १८९६ ते १९०१ या काळात सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले गेले आणि त्यांतले सुमारे अडीच हजार तेथेच मेले. त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', लाखाला 'लाकी' आणि चपातीला चपातीच म्हणतात. इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातील आशियाईंना ९० दिवसांत हाकलले, तो अन्याय होता, यात वाद नाही. पण गल्ल्यामागे बसलेला आपला माणूस समोरच्या आफ्रिकी माणसाशी पिढ्यान् पिढ्या कसा बोलत होता, हेही तेथील लोक विसरलेले नाहीत. नैरोबीत जन्मलेले गोमंतकीय पियो गामा पिंटो यांच्यासारखे थोडे लोक मात्र वेगळे वागले. ते गोव्याच्या मुक्तीसाठीही झटले आणि केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात आफ्रिकी सहकाऱ्यांच्या बरोबरीने तुरुंगात गेले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची हत्या झाली. त्यांनी उपकार केले असे कोणी म्हणत नाही. ते आपल्या लोकांबरोबर उभे राहिले, असेच म्हटले जाते.

आणि त्याच वेळी पुण्यात काय चालते? मोशीत ओळख झालेला एक टांझानियन तरुण दोन वर्षांनी पुण्यात पदव्युत्तर शिक्षणासाठी आला. त्याच्यासाठी खोली शोधायला मी त्याच्यासोबत हिंडले. फोनवर ठरलेले भाडे त्याचा चेहरा पाहताच रद्द झाले, असे एकदा नव्हे, पाच वेळा घडले. एका काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितले, 'तुझ्यासाठी हवी असेल तर आत्ता किल्ली देते.' त्यांची स्वतःची मुलगी तेव्हा केनियाला स्वयंसेवक म्हणून जायच्या तयारीत होती. आफ्रिकेच्या लोकांसाठी काही करण्याची ज्या तरुणांना ओढ आहे, त्यांनी आपल्या सोसायटीत एका आफ्रिकी विद्यार्थ्याला खोली मिळवून दिली तर त्याला लगेच आणि निश्चित उपयोग होईल. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहरीने पाणी आणले. ते पाणी आपण पिढ्यान् पिढ्या प्यायलो, याची आठवण या निमित्ताने घरमालकांना करून द्यायला हरकत नाही.

तरुणांनी जाऊच नये असे मला म्हणायचे नाही. प्रवासी म्हणून जावे, पुरेसे दिवस जावे, पैसे सढळ हाताने खर्च करावेत. किलिमांजारो चढायचा असेल तर आपला भारवाहक २० किलोच्या मर्यादेपलीकडे ओझे वाहत नाही ना आणि त्याला ठरलेली मजुरी पूर्ण मिळते ना, हे स्वतः विचारावे. स्वस्तातली सहल विकणारा ती स्वस्ताई त्याच्याच पाठीवरून काढतो. रवांडात असाल तर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी 'उमुगांडा' म्हणजे सार्वजनिक श्रमदान असते, त्यात सामील व्हावे. ते सक्तीचे असते आणि त्याच्या इतिहासाला १९९४ च्या तुत्सींच्या वंशसंहाराची काळी बाजू आहे, हेही समजून घ्यावे. आणि ज्याला स्वतःला घडवण्यासाठी श्रम करायचे आहेत त्याने तसे उघड म्हणावे. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथला जे उन्हाळी शिबिर सुरू केले त्याला त्यांनी 'श्रमसंस्कार छावणी' म्हटले. संस्कार शिबिरार्थींवर व्हायचे आहेत, हे त्या नावातच कबूल केलेले आहे. या प्रामाणिकपणापायी कोणाचे मूल घरापासून तुटत नाही.

महाविद्यालयांनी आणि समुपदेशकांनी परदेशातील अनाथालयांतल्या कामाची प्रमाणपत्रे गुणांसाठी धरू नयेत, एवढा निर्णय तरी लगेच घेता येईल. पालकांनी वाढदिवसाला जवळच्या बालगृहात केक घेऊन जाण्याचाही पुन्हा विचार करावा. त्या तासाभरात आपल्या मुलावर संस्कार होतात, असे आपण मानतो, पण समोर रांगेत बसलेल्या मुलांवर दर रविवारी कोणते संस्कार होतात, हे आपण विचारात घेत नाही.

मोशीतल्या शेवटच्या रविवारी मी मामाला सोबत घेऊन फाटकाशी गेले आणि बीबीला विचारले की नातवाला घरी न्यायला तुम्हाला काय लागेल. तिने बोटांवर मोजले. दोन गणवेश, एक बुटांचा जोड, वह्या, शाळेचे मिचांगो आणि पेरणीनंतरच्या दोन महिन्यांसाठी मका. हे तिला आधी कोणी विचारले होते का, असे मी मामाकडून विचारून घेतले. विचारले नव्हते. सगळे मिळून जी रक्कम झाली ती माझ्या विमानतळापर्यंतच्या टॅक्सीच्या भाड्याहून थोडी अधिक होती. समाजकल्याण कार्यालयातले कागद आणि संस्थेची नाराजी यांत पाच महिने गेले. जानेवारीत तिकडची शाळा सुरू होते. त्या जानेवारीत तो आजीकडून शाळेत जाऊ लागल्याचे मामाने फोनवर कळवले. उरलेली तीस मुले तेव्हा तेथेच होती.